कृपादानांची पारख : सिलोनातील एक गोमंतकीय अध्याय

१६८७ साली सिलोनच्या उत्तर टोकाला असलेल्या जाफना शहरात एक भिकारी दारोदार हिंडताना दिसू लागला. पाय अनवाणी, अंगावर मजुराची वस्त्रे, अतिसाराच्या दुखण्याने खंगलेले शरीर. आणि गळ्यात सहज नजरेत भरावी अशी एक मोठी जपमाळ. भिक्षा मिळो वा न मिळो, दार उघडणाऱ्याच्या चेहऱ्याकडे तो निरखून पाही. बहुतेकांची दृष्टी त्या माळेवरून तशीच सरून जाई. एखाद्याची मात्र तेथे अडखळे आणि मग घाईघाईने दुसरीकडे वळे. ते घर तो भिकारी ध्यानात ठेवी.

हा भिकारी म्हणजे बाणावलीस जन्मलेले आणि सांकवाळास वाढलेले फादर जुझे वाझ. त्यांना भिक्षा नको होती, माणसे हवी होती. आणि माणसे अशी की ज्यांनी आपली ओळख घराच्या आढ्यावर लपवून ठेवली होती. डच ईस्ट इंडिया कंपनीने पोर्तुगीजांकडून १६५६ साली कोलंबो घेतले, १६५८ साली जाफना घेतले, आणि त्याच वर्षी जाहीरनामा काढला की रोमन पाद्र्याला जो आसरा देईल त्याला देहान्त शासन होईल. असलेले पाद्री हद्दपार झाले. देवळे डचांच्या सुधारित पंथाकडे गेली. मुलांच्या शाळा आणि लग्नाच्या नोंदी याही त्याच पंथाच्या उपदेशकांच्या हाती आल्या. जवळजवळ तीस वर्षे डच मुलखातल्या कॅथलिकांनी मिस्सा ऐकली नाही की कोणापुढे पापनिवेदन केले नाही. एक पिढी जन्मली, वाढली, तिची लग्ने झाली, आणि तिच्यातील कित्येकांनी आपल्या धर्माचा पाद्री कसा असतो हे डोळ्यांनी पाहिलेही नव्हते.

आता समुद्रापलीकडच्या गोव्यात त्या वेळी काय चालले होते ते पाहिले म्हणजे या कथेतील विपर्यास ध्यानात येतो. गोव्यात पाद्र्यांना तोटा नव्हता. सासष्टी, बारदेश आणि तिसवाडी येथील ख्रिस्ती घरांतून शिकून तयार झालेले, दीक्षा घेतलेले देशी पाद्री कितीतरी होते, आणि त्यांतल्या पुष्कळांना हाताला पुरेसे काम नव्हते. गावच्या देवळांचे अधिकारपद बहुधा युरोपीय संन्यासी संघांकडे असे. देशी पाद्र्याने त्यांच्या हाताखाली राहावे, आजाऱ्यांकडे जावे, लॅटिन प्रार्थना म्हणाव्यात आणि वर मान करू नये, अशी रीत होती. संन्यासी संघांची दारे त्यांना बंद होती. येशूसंघाने पेरो लुईस नावाच्या एका मलबारी ब्राह्मणाला १५७५ साली आपल्यात घेतले होते. त्यानंतर तो संघ अठराव्या शतकात विसर्जित होईपर्यंत दुसऱ्या एकाही भारतीयाला त्याने आपल्यात घेतले नाही. दिवाडी बेटावरचे मातेउश द कास्त्रू यांना गोव्यात पाद्रीपणाची दीक्षाच नाकारली गेली. ते खुश्कीच्या वाटेने रोमला गेले, तेथे त्यांना दीक्षा मिळाली, आणि १६३७ साली बिशपपदाचा अभिषेकही झाला. ज्याच्या ठिकाणी रोमला बिशप दिसला त्याच्या ठिकाणी गोव्याला साधा पाद्रीही दिसू नये, हा दोष त्या माणसाच्या गुणांचा खासच नव्हे. पाहणाऱ्याच्या डोळ्यांचा होता.

ख्रिस्ती परंपरेत 'कृपादान' असा एक शब्द आहे. ख्रिस्तशकाच्या पहिल्या शतकात, पन्नास ते साठ या दशकाच्या मध्यास, संत पौलाने ग्रीस देशातील करिंथ या बंदराच्या गावी असलेल्या लहानशा मंडळीला एक पत्र लिहिले. त्या मंडळीत तंटा माजला होता. ज्यांना प्रार्थनेच्या भरात अनोळखी भाषा स्फुरत ते स्वतःला थोर समजू लागले होते आणि ज्यांना तसे काही होत नसे ते हिरमुसले होते. पौलाने त्यांना शरीराचा दृष्टान्त दिला : डोळा, हात, पाय यांची कामे निराळी, पण शरीर एक; आणि जे अवयव दुबळे वाटतात त्यांच्यावाचून तर मुळीच चालत नाही. आत्म्याची दाने वाटली जातात ती मिरवण्यासाठी नव्हे, मंडळीच्या उपयोगासाठी. हा भाग पुष्कळांना ठाऊक असतो. मात्र त्याच अध्यायाच्या शेवटाकडे दानांची जी दुसरी यादी येते तिच्यातील दोन शब्दांकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. चमत्कार, रोग बरे करणे, अन्य भाषा बोलणे यांच्याच ओळीला पौलाने 'साहाय्य करणे' आणि 'कारभार पाहणे' ही दोन दाने बसवली आहेत. मूळ ग्रीकात कारभारासाठी जो शब्द आहे तो गलबताचे सुकाणू धरण्याच्या कामावरून आला आहे. पेज शिजवून देणारी बाई आणि हिशेब राखणारा गावकरी हे दोघे चमत्कार करणाऱ्याच्या पंक्तीला बसतात, हे करिंथच्या त्या घमेंडखोर मंडळींना मुळीच रुचले नसावे.

सिलोनची कथा या दोन उपेक्षित दानांची आहे, म्हणून ती सांगण्याजोगी.

जुझे वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी बाणावलीस झाला. वडील क्रिश्तोव्हांव वाझ हे सांकवाळचे. सांकवाळास पोर्तुगीज आणि बाणावलीस लॅटिन असे मुलाचे प्राथमिक शिक्षण झाले. पुढे जुन्या गोव्यात येशूसंघाच्या संत पौल विद्यालयात साहित्य आणि दोमिनिकन संघाच्या संत तोमास अकादमीत तत्त्वज्ञान व धर्मशास्त्र. म्हणजे त्यांना विद्या दिली ती ज्यांनी त्यांना कधीही आपल्यात घेतले नसते अशा गुरूंनी. १६७६ साली ते पाद्री झाले आणि गरिबांसारखे अनवाणी चालू लागले. सांकवाळास त्यांनी लॅटिनची शाळा काढली. प्रवचनकार म्हणून नाव झाले, पापनिवेदनासाठी त्यांच्याकडे लोक लोटू लागले. १६७७ च्या ऑगस्टच्या ५ तारखेस त्यांनी एक विलक्षण दस्तऐवज लिहिला. त्यात आपण मरियामातेचे दास झालो असे त्यांनी विधिपूर्वक नमूद केले. त्या काळी गोव्यात माणसांच्या खरेदी-विक्रीचे कागद खरोखरच होत असत हे ध्यानात घेतले म्हणजे या लेखाचा अर्थ अधिक गंभीर होतो.

याच सुमारास सिलोनच्या निराधार कॅथलिकांची हकिगत त्यांच्या कानी आली आणि तेथे जाण्याची ओढ लागली. वरिष्ठांनी मात्र त्यांना १६८१ साली कानडा मुलखात, मंगळूर-कुंदापूरच्या बाजूस, प्रमुख म्हणून पाठवले. तेथे मातेउश द कास्त्रूंचेच पुतणे बिशप तोमास द कास्त्रू रोमच्या नेमणुकीने आलेले, आणि गोवा त्यांचा अधिकार मानावयास तयार नाही. एक गोमंतकीय बिशप आणि एक गोमंतकीय पाद्री यांना दोन परक्या सत्तांनी समोरासमोर उभे केले होते. तीन वर्षे त्या कलहातून वाट काढीत वाझ यांनी शाळा आणि बंधुसंघ उभे केले आणि १६८४ साली ते गोव्यास परतले.

जुन्या गोव्यातील एका टेकडीवर चमत्काराच्या क्रूसाचे देऊळ होते. पास्कोआल द कोश्त जेरेमियश यांच्या पुढाकाराने काही देशी पाद्री तेथे एकत्र राहून प्रार्थना आणि सेवा करू लागले होते. त्यांना ना नियम होता, ना मान्यता, ना वाली. २५ सप्टेंबर १६८५ रोजी वाझ त्यांच्यात सामील झाले आणि लवकरच त्यांनी त्यांना प्रमुख निवडले. संघात प्रवेश नाही, तर मग संघावाचून एकत्र कसे राहावे, याचे उत्तर या मंडळींनी रोमच्या संत फिलिप नेरी यांच्या ऑरेटरीत शोधले. सोळाव्या शतकातील या आनंदी साधूने अशी एक मंडळी उभी केली होती की जिच्यात संन्यासाची व्रते नव्हती. साधे पाद्री केवळ परस्परप्रेमाच्या बंधनाने एकत्र राहत. दार बंद असलेल्यांना असे एक घर सापडले की ज्याला ते दारच नव्हते. भारतीय पाद्र्यांनी आपले आपण उभे केलेले हे मंडळ पुढे दीड शतक टिकले.

येथे एक कटू गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती झाकून ठेवणे सोपे आहे आणि सत्याला धरून नाही. गोव्याची ही ऑरेटरी ख्रिस्ती ब्राह्मणांची होती. चारडो घराण्यांतील तरुणांना तेथे प्रवेश नव्हता. खालच्या मानलेल्या जातींची तर गोष्टच नको. गोऱ्या कातडीने ज्यांना उंबऱ्याबाहेर ठेवले त्यांनी स्वतःचे घर बांधताच तसाच उंबरा घातला. वाझ यांनी स्वतः सिलोनात कोणाची जात पाहून सेवा केली नाही, आणि तेथल्या रोगाने तर ती मुभाही ठेवली नव्हती. तरी ज्या मंडळाचे ते भूषण त्या मंडळावरचा हा डाग पुसला जात नाही. किती जणांच्या ठिकाणची दाने अशी न ओळखताच मातीत गेली असतील!

१६८६ साली जुआंव नावाच्या एका सेवकाला बरोबर घेऊन वाझ दक्षिणेकडे निघाले, तूतिकोरिनपर्यंत पोचले आणि वेष पालटून समुद्र ओलांडून गेले. पाऊल टाकताच दोघेही आजारी पडले. चरित्रकार सांगतात की रोगाच्या भीतीने लोकांनी त्यांना वस्तीबाहेर काढले आणि एका दयाळू बाईने रोज पेज आणून घातली म्हणून ते जगले. पाद्री म्हणून तिने त्यांना ओळखले असण्याचा संभव नाही. तिच्यापुढे पोट आत गेलेली दोन परकी माणसे पडली होती, एवढेच. तिचे नाव इतिहासाच्या तोंडी राहिले नाही. सिलोनच्या पुनर्जीवित मंडळीतील पहिले कृपादान कोणाचे, असा प्रश्न कोणी विचारलाच तर उत्तर देताना या बाईला ओलांडून पुढे जाता येणार नाही.

यानंतर ती जपमाळेची भिक्षाफेरी. जी घरे ध्यानात राहिली होती त्यांतील एका घरी वाझ यांनी आपण कोण ते सांगितले, आणि गुप्तपणे एकेक दार उघडू लागले. रात्री मिस्सा व्हायची, पहाटेपूर्वी माणसे पांगायची. जाफन्याजवळील सिल्लालै हे गाव त्यांचे ठाणे झाले. गावकरी पाळत ठेवीत, निरोप पोचवीत, एका घरातून दुसऱ्या घरात पाद्र्याला नेत. आणि यांतील प्रत्येक कामाला जाहीरनाम्यात शिक्षा ठरलेली होती. १६८९ च्या नाताळच्या रात्री डचांचा छापा पडला. वाझ निसटले. मंडळीतील पुढारी पकडले गेले, त्यांना फटक्यांची आणि कैदेची शिक्षा झाली. हा छळ ज्या डच अधिकाऱ्याच्या नावावर आहे तो हेन्ड्रिक व्हान रेडे. मलबारच्या वनस्पतींवरचा 'होर्तुस मलाबारिकुस' हा जगप्रसिद्ध ग्रंथ त्यानेच सिद्ध करविला, आणि त्या ग्रंथात रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट या कोकणी वैद्यांची साक्ष नागरी लिपीत छापली आहे. झाडपाल्यातला गुण पारखण्यासाठी ज्याने परक्या धर्माच्या वैद्यांना मानाने जवळ बसवले, त्याला जाफन्याच्या कोळ्या-शेतकऱ्यांच्या श्रद्धेत मात्र फितुरीवाचून काही दिसले नाही. माणसाची पारख अशी एका बाजूला सूक्ष्म आणि दुसऱ्या बाजूला आंधळी असू शकते.

छाप्याने वाझ यांना एक धडा मिळाला. पाद्री एक, आणि गावे बेटभर विखुरलेली. तोही केव्हा पकडला जाईल याचा नेम नाही. जी मंडळी पाद्र्याच्या येण्यावर जगेल ती त्याच्या जाण्याने मरेल. म्हणून गावोगाव त्यांनी अशी माणसे निवडली की जी पाद्री नव्हती आणि होणारही नव्हती. त्यांतील एकास 'मुप्पू' म्हणत. तो वडीलकीने मंडळीचा कारभार पाही. दुसरा 'अण्णावी', तो रविवारी लोकांना जमवून प्रार्थना सांगे, मुलांना धर्मपाठ शिकवी, मरणाऱ्याजवळ बसे, आणि प्रसंग आला तर बाप्तिस्माही देई. वर्षातून कधीतरी पाद्री फिरत येई तेव्हा कोण जन्मले, कोण गेले, कोणाची लग्ने आशीर्वादावाचून खोळंबली आहेत, कोणाकोणाचे वैर आहे, हे सारे मुप्पू आणि अण्णावी त्याच्यापुढे मांडीत. मग दोन-चार दिवसांत वर्षाचे काम उरके.

ही निवड कशी होत असेल याचा विचार केला म्हणजे त्यातील अवघडपणा जाणवतो. ज्याचा आवाज चांगला तो अण्णावी व्हावा हे सरळ आहे. परंतु आवाज चांगला आणि जीभ सैल असा माणूस त्या दिवसांत अख्ख्या गावाचा घात करू शकला असता. ज्याच्याकडे शेतीवाडी आहे त्याचे लोक ऐकतील. पण ज्याच्याकडे गमावण्यासारखे पुष्कळ आहे तो डच अंमलदारापुढे किती वेळ उभा राहील? हे प्रश्न धर्मशास्त्राच्या पोथीत सुटत नाहीत. त्यासाठी लोकांत राहावे लागते, त्यांच्या ओसरीवर जेवावे लागते. अनवाणी हिंडणाऱ्या पाद्र्याला हे साधले याचे कारण त्याच्या विद्वत्तेपेक्षा त्याच्या पायांत अधिक होते. गोव्यात गावच्या देवळाशी जोडलेल्या शाळेत मुलांना प्रार्थना आणि गाणे शिकवणारा 'मेस्त' असे. त्याची आठवण वाझ यांच्या मनात असणे अगदी स्वाभाविक होय. पण मेस्त पाद्र्याच्या सावलीत उभा असे, अण्णावीला डोक्यावर ती सावलीही नव्हती.

१६९२ साली वाझ डोंगराळ भागातील कँडीच्या स्वतंत्र राज्यात शिरले. तेथील दरबारात वजन असलेल्या एका फ्रेंच प्रॉटेस्टंटाने, लानेरोल त्याचे नाव, हा मनुष्य पोर्तुगीजांचा हेर आहे असे राजाच्या मनात भरवले आणि वाझ कैदेत पडले. कैद हळूहळू सैल झाली. तिथल्या तिथे त्यांनी एक झोपडी उभारली, तिच्यात वेदी मांडली, आणि वेळ हाताशी होता म्हणून सिंहली भाषा शिकून घेतली. अवर्षणात त्यांनी उघड्यावर प्रार्थना केली आणि पाऊस कोसळला, अशी कथा चरित्रांतून येते. श्रद्धावंतांना ती प्रिय आहे. इतिहासाच्या दृष्टीने अधिक ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की बौद्ध राजा दुसरा विमलधर्मसूर्य याने पुढे त्यांना मोकळे केले आणि आपल्या राज्यात फिरण्याची परवानगी दिली. याच राजाच्या कारकीर्दीत सिलोनातील बौद्ध भिक्षूंची उपसंपदा खंडित झाली होती आणि ती पुन्हा सुरू करण्यासाठी त्याने अराकानहून भिक्षू आणविले. दीक्षा देणारे कोणी उरले नाही म्हणजे धर्माची काय अवस्था होते हे त्याला दुसऱ्या कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

१६९६ नंतर गोव्याच्या ऑरेटरीतून मदतीला पाद्री येऊ लागले. त्यांत वाझ यांचे भाचे जुझे कार्व्हालो होते. १६९७ साली कँडीत देवीची साथ आली. राजा नगर सोडून गेला, श्रीमंत गेले, आणि ज्यांच्या अंगावर फोड दिसले त्यांना घरच्यांनी रानात नेऊन टाकले. मामा-भाचे मागे राहिले. ओस पडलेल्या घरांतून त्यांनी रोग्यांची सोय केली, रानात टाकलेल्यांना उचलून आणले, त्यांचे मलमूत्र काढले, अन्न भरवले, आणि मेलेल्यांना आपल्या हातांनी पुरले. रोगी बौद्ध की ख्रिस्ती हे पाहिले गेले नाही. देवीवर त्या काळी उपाय नव्हता; स्वच्छता, पाणी आणि जवळ बसणारा माणूस एवढेच औषध. रोग बरे करण्याचे दान म्हणून पौलाच्या पत्रात जे येते त्याचे हे रूप फारच साधे दिसेल. पण राजावर आणि प्रजेवर जी छाप कोणत्याही प्रवचनाने पडली नसती ती या शुश्रूषेने पडली, यात संशय नाही.

भाषेच्या दानाची हकिगत तर गोव्याच्या मनाला अधिकच झोंबणारी आहे. १६१६ साली फादर तोमास स्तिफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' रायतूरला छापले गेले. एका इंग्रज पाद्र्याने मराठीत ओवीबद्ध रचलेल्या त्या ग्रंथाच्या त्याच शतकात आणखी दोन आवृत्त्या निघाल्या, आणि गोव्यातील ख्रिस्ती समाजाला आपल्या देवाची कथा आपल्या देशाच्या वळणाने ऐकावयास मिळाली. पुढे वारे फिरले. १६८४ च्या जूनमध्ये विजरई कोंद द आल्व्होर याने फर्मान काढले की देशी लोकांनी तीन वर्षांच्या आत आपली बोली टाकून पोर्तुगीज बोलू लागावे. ज्या वर्षी वाझ कानड्यातून परतले तेच हे वर्ष. म्हणजे ज्या मुलखात लोकांना स्वतःची भाषा विसरण्याची आज्ञा झाली होती त्या मुलखातून माणसे उठून गेली आणि परक्या बेटावरच्या लोकांची भाषा जिवापाड शिकली.

या माणसांतील अग्रणी जाकोमे गोन्साल्व्हिस. जन्म १६७६ चा, दिवाडी बेटावरचा. १७०५ साली ते सिलोनात उतरले तेव्हा वाझ यांची प्रकृती ढासळू लागली होती आणि हाती माणसे थोडी. अशा वेळी नव्या, धट्ट्याकट्ट्या पाद्र्याला तत्काळ गावोगाव पिटाळावे असेच कोणालाही वाटले असते. वाझ यांनी तसे केले नाही. या तरुणाच्या ठिकाणी भाषेचा असाधारण गुण आहे हे त्यांनी हेरले आणि त्याला सिंहलीच्या सखोल अभ्यासाकडे वळवले. एवढ्या निकडीच्या काळात एक माणूस पुस्तकांपुढे बसवणे हा धाडसी निर्णय होता. त्याचे फळ असे की गोन्साल्व्हिस यांना सिंहली कॅथलिक वाङ्मयाचे जनक मानतात. सिंहली आणि तमिळ या दोन्ही भाषांत त्यांनी धर्मपाठ, प्रार्थना, प्रवचने, वादग्रंथ आणि गीते लिहिली. 'देव वेद पुराणय' हे त्यांच्या एका सिंहली ग्रंथाचे नाव ऐकताच गोव्यातील ख्रिस्तपुराणाची आठवण व्हावी. ग्रंथ छापण्याचे साधन नव्हते. ताडपत्रांवर नकला होऊन ते गावोगाव गेले, आणि अण्णावींच्या हाती पडले. ज्या अण्णावीला पूर्वी पाठ केलेल्या चार प्रार्थनांवर वर्ष काढावे लागे त्याला आता रविवारी वाचून दाखवायला काहीतरी मिळाले, तेही शेजारच्या विहारातल्या पंडिताने नावाजावे अशा भाषेत.

आपल्याला जे येत नाही ते दुसऱ्याला येते, हे मोकळ्या मनाने मान्य करणे मोठ्या माणसांनाही जड जाते. वाझ यांना सिंहली येत होती, त्यांनी स्वतः प्रार्थनांची भाषांतरे केली होती. तरीही आपल्याहून पंचवीस वर्षांनी लहान असलेल्या माणसाला त्यांनी तो प्रांत सोपवून दिला. करिंथच्या मंडळीचे दुखणे नेमके या जागी होते.

१६ जानेवारी १७११ रोजी कँडी येथे वाझ यांचे देहावसान झाले. चोवीस वर्षांत ते एकदाही गोव्यास परत गेले नव्हते. गोन्साल्व्हिस १७४२ साली बोलावत्त येथे वारले. डचांचा अंमल १७९६ पर्यंत चालला आणि कॅथलिकांवरची बंधने इंग्रजांनी १८०६ साली काढून टाकली. मुप्पू आणि अण्णावी यांनी उभी ठेवलेली मंडळी तोवर टिकून होती. गोव्यातील ऑरेटरी मात्र १८३५ साली, पोर्तुगालने आपल्या राज्यातील सारे संघ मोडले तेव्हा, मोडली गेली.

कृपादाने ही आरंभीच्या प्रेषितकाळाचीच होती, पुढे ती विरळ झाली, असे मत ख्रिस्तसभेत दीर्घकाळ प्रचलित होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत १९६३ च्या ऑक्टोबर महिन्यात या प्रश्नावर उघड वाद झाला. सिसिलीतील कार्डिनल रुफिनी यांनी जुना पक्ष मांडला. बेल्जमचे कार्डिनल स्यूनेन्स यांनी २२ तारखेच्या भाषणात उत्तर दिले की ही दाने आजही आहेत, ती प्रत्येक विश्वासी माणसाला मिळतात, आणि पाद्र्यांचे काम ती ओळखून वाव देण्याचे आहे. २१ नोव्हेंबर १९६४ रोजी संमत झालेल्या ख्रिस्तसभेविषयीच्या संविधानात स्यूनेन्स यांचा पक्ष उतरला. वादाच्या वेळी सिलोनच्या अण्णावींचे नाव कोणी घेतले असण्याचा संभव कमी. परंतु रोमच्या त्या सभागृहात जे तत्त्व म्हणून मांडावे लागले ते जाफन्याच्या एका गावात, डच शिपायांचा डोळा चुकवून, पावणेतीनशे वर्षांपूर्वी व्यवहारात उतरले होते.

फादर जुझे वाझ यांचे पहिले मोठे चरित्र त्यांच्याच मंडळातील सेबाश्तियांव द रेगु या गोमंतकीय पाद्र्याने लिहिले आणि ते १७४५ साली लिस्बनला छापले गेले. संतपदाला वेळ लागला. १९९५ च्या जानेवारीत पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना धन्य घोषित केले आणि १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबोच्या गॉल फेस मैदानावर पोप फ्रान्सिस यांनी संत म्हणून जाहीर केले. श्रीलंकेतील सिंहली ख्रिस्ती गावांतून उपासकाळाच्या रात्री लोक एकत्र बसतात आणि येशूच्या दुःखभोगाची शोकगीते एका विशिष्ट लांब सुरात आळवतात. गीतांची परंपरा दिवाडीच्या जाकोमे गोन्साल्व्हिस यांच्यापर्यंत पोचते. गाणारे गावातलेच असतात, आणि गाण्याला पाद्री हजर असावाच लागतो असे नाही.